आक्काला जंगल पाहायचं आहे

लातूर
९ मार्च १९८६

चि. सौ. सुमन हीस,
आक्काचा जयभीम व आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र येऊन महिना झाला. उत्तराला उशीर झाला त्याचं कारण पाणी. तू म्हणशील, आक्का कधीपासून पाणी भरायला लागली? भरत नाही, हे खरं. पण आमच्या गल्लीत टँकर चौथ्या दिवशी येतो, आणि तो आला की सगळं घर रस्त्यावर जातं. मी दारात खुर्चीवर बसून रांगेतल्या घागरींवर नजर ठेवते. बाकी सगळं वहिनी करते. दादा डेपोतून येईपर्यंत टँकर निघून गेलेला असतो. त्यांची करुणा सहावीत आहे, ती कळशी उचलते तेवढीच मदत.

लातूर जिल्हा होऊन साडेतीन वर्षं झाली. रोज कुठं ना कुठं नवी पाटी लागते. पाट्या वाढल्या, पाणी होतं तेवढंच राहिलं, आणि आता तेवढंही नाही. आमच्या कचेरीत उस्मानाबादहून आलेले फायलींचे गठ्ठे अजून सोडून झालेले नाहीत. मी आवक-जावकच्या टेबलावर बसून त्यांची धूळ खाते.

आता मुद्द्याचं. शेजारच्या टेबलावरचे मन्मथअप्पा बायकामुलांना घेऊन चांद्याकडच्या राष्ट्रीय उद्यानात जाऊन आले. हरणांचे, तळ्याचे फोटो आणले. फोटो टेबलाटेबलांवर फिरले. सगळे विचारत होते, कसं जायचं, कुठं राहायचं. माझ्यापाशी आल्यावर अप्पांनी मोठ्या मायेने सांगितलं की बाई, तुमच्यासाठी चार फोटो जास्तीचे काढून आणलेत, घरी न्या, निवांत बघा. माणूस चांगला आहे. मी आभारही मानले. पण इतरांना वाट सांगतात आणि मला फोटो देतात, याचा त्या दिवशी मला फार कंटाळा आला.

बहात्तरच्या दुष्काळात तलावाच्या कामावर दरड अंगावर आली तेव्हा मी सतरा वर्षांची होते. तेव्हापासून दवाखान्याचं छत पाहिलं, घराचं छत पाहिलं. एक्याऐंशीत नांदेडच्या शिबिरात ही चाकाची खुर्ची मिळाली, तेव्हा छताऐवजी भिंती दिसू लागल्या, एवढाच फरक. तू मात्र जंगलखात्यातला नवरा केलास. मोहाखाली अस्वल येऊन गेलं असं तू गाय व्याली म्हणावं तसं लिहितेस, आणि मी ते तीन-तीनदा वाचते.

तेव्हा लिंबाजीरावांना विचार की तिथं माझ्यासारखीला जाता येतं का. घरात अजून बोललेली नाही. लोभ आहेच, तो टँकरच्या पाण्यासारखा चौथ्या दिवशी देऊ नकोस.

तुझी,
चांगुणाआक्का


इस्लापूर
२१ मार्च १९८६

ती. आक्कास,
सुमनचा सा. जयभीम. वि. वि.

पत्र पोचलं. ह्यांना वाचून दाखवलं. ह्यांच्या ट्रेनिंगमधले केरबा म्हणून दोस्त तिकडं त्या उद्यानात फॉरेस्टर आहेत, त्यांना हे लगेच कार्ड टाकतो म्हणाले आणि टाकलं. त्यांचं उत्तरही आलं. ते असं की, विश्रामगृह आहे, त्याला चार पायऱ्या. आत फिरवायला लहान बस आहे, तिला तीन उंच पायऱ्या. मे महिन्यात पानं झडल्यामुळं जनावर दिसतं, पण ऊन असं की माणूस करपतं. या म्हणाले, जमेल ते करू. आजवर खुर्चीवरचं माणूस आलेलं त्यांना आठवत नाही.

आक्का, मला विचारशील तर या साली नको. राग मानू नको. इकडंही दुष्काळच आहे. सहस्रकुंडाच्या धबधब्याला धार नाही, नुसता काळा खडक उघडा पडलाय. वणव्याचे दिवस असल्यामुळं ह्यांना सुट्टी नाही, म्हणजे आम्ही काही सोबत येऊ शकत नाही. मग तिथं तुला उचलणार कोण? दादा एकटा किती पुरणार? एक पाऊसकाळ जाऊ दे. मग तू इकडंच ये, हे तुला जीपमध्ये बसवून आमचं जंगल दाखवतील.

वहिनीला जपा. माझा तिला नमस्कार सांग, आणि दमून जाऊ नको म्हणावं. मुलं आक्कामावशी म्हणून तुझ्या फोटोला हात लावतात. माया कमी करू नकोस, ही विनंती.

तुझी,
सुमन


लातूर
२ एप्रिल १९८६

चि. सौ. सुमन हीस,
आशीर्वाद. वि. वि.

पत्र मिळालं. राग आला, तो चार दिवसांनी गेला, म्हणून आज लिहायला बसले.

एक पाऊसकाळ जाऊ दे, असं तू लिहितेस. सुमन, माझे चौदा पाऊसकाळ गेले. आधी बरी हो मग, मॅट्रिक हो मग, नोकरी लागू दे मग, जिल्हा होऊ दे मग. मी सगळं केलं. जिल्हासुद्धा झाला.

शेवटी परवा जेवताना मी विषय काढला. वाटलं होतं दादा उडवून लावेल. तो वहिनीकडे पाहू लागला. वहिनी भाकरी थापता थापता म्हणाली की जाऊ या, मी येते. तिने असं म्हटल्यावर विषय मिटला. आता जयंती झाली की मेच्या पहिल्या आठवड्यात निघायचं. दादा, वहिनी, करुणा आणि मी. लातूरहून नांदेड, नांदेडहून चांदा, दोन्हीकडे एस.टी. दादा डेपोत मेकॅनिक असल्याचा एवढा तरी उपयोग, खुर्ची टपावर नीट बांधून मिळेल.

उचलण्याचं म्हणशील तर मी तयारी करते आहे. पलंगावरून खुर्चीवर फळी टाकून माझी मी सरकते. दवाखान्यात शिकवलं होतं, ते घरात कुणी ना कुणी उचलत गेल्यामुळं विसरले होते. चारदा पडले, पाचव्यांदा जमलं.

पण तुझं पत्र मला सरळ वाटलं नाही. तू काही लपवते आहेस का? वहिनीला जपा असं तू आजवर कधी लिहिलं नव्हतंस. लिंबाजीरावांना सांग, केरबांना तारीख कळवावी. पत्राची वाट पाहायला लावू नकोस, मला तेवढंच एक बाहेरचं दार आहे.

तुझी,
आक्का


इस्लापूर
१० एप्रिल १९८६

ती. सौ. सिंधुवहिनी यांस,
सुमनचा सा. जयभीम. वि. वि.

हे पत्र फक्त तुमच्यासाठी आहे. आक्का कचेरीत असेल तेव्हा वाचा.

जानेवारीत घागरीसकट पडलात, कमरेचा मणका दुखावला, वजन उचलायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं, हे दादाने मला कळवलं होतं. आक्काला सांगू नको अशी शपथही घातली होती. मी ती पाळली. म्हणूनच तिला जाऊ नको असं लिहिलं, आणि तिचं मन दुखावून बसले. आता ती लिहिते की तुम्ही स्वतःच जाऊ या म्हणालात.

वहिनी, असं का केलंत? तिथं पायऱ्याच पायऱ्या आहेत. तिला सकाळी उठवणं, न्हाणीत नेणं, हे तुम्हीच करणार. दादाला ते करता येत नाही आणि ती त्याला करू देणार नाही. वाटेत काही झालं तर दोघींना कोण उचलणार? मी तिची सख्खी बहीण. तिच्यासाठी जे मी करायचं ते चौदा वर्षं तुम्ही करता आहात. मला त्याची लाज वाटते, पण इथून मी फक्त कागदच पाठवू शकते.

आक्काला खरं सांगा. ती काही लहान नाही. तुम्हाला सांगवत नसेल तर मी सांगते. उत्तर द्या. मोठेपणाने चूकभूल पोटात घाला.

तुमची,
सुमन


लातूर
१९ एप्रिल १९८६

सौ. सुमनबाई यांना,
सिंधूचा जयभीम.

तुमचं पत्र वाचलं. मला लिहायला येळ लागतो. देगलूरच्या शाळंत चौथीपर्यंतच गेले, त्यात निम्मा येळ तेलगू बोलणाऱ्या पोरींसंगं गेला. चुकलं तर हासू नका.

आक्काला सांगू नका. कंबर दुखती ते खरं हाय. सकाळी उठताना भिंत धरावी लागती. पर आक्काला कळलं तर ती मला हात लावू देनार न्हाई, आन मग तिचं कोन करंल? करुणा लहान हाय. बाई ठेवायची म्हनलं तर तुमच्या दादाला लोक काय म्हनतील त्याची धास्ती.

आन तुम्ही इचारलं, का हाव म्हनले. खरं लिहू का? तुम्हाला वाटंल आक्काच्या हौसेपाई. तसं न्हाई. मलाच जायचं हाय. लगीन होऊन सोळा वर्सं झाली. मी देगलूर पाहिलं आन लातूर पाहिलं. मधी येकदा नांदेडचा दवाखाना पाहिला, आक्काला घेऊन गेले तवा. बाकी काय न्हाई. आक्का कचेरीत जाती, चार मानसं बोलत्यात तिच्यासंगं. मी घरात काम करून राहिले. ती जंगल म्हनली तवा मी लगीच हाव म्हनले. मी जायचं म्हनले असते तर कोन नेलं असतं? आक्कासाठी म्हनून न्हेतील.

हे कुनाला बोलू नका. तुम्हालाच लिहिलं. पोरांना मुके. आठवन ठेवा, इतकंच मागनं हाय.

सिंधू


लातूर
१८ मे १९८६

चि. सौ. सुमन हीस,
आशीर्वाद. वि. वि.

आम्ही बारा तारखेला परत आलो. आठवडाभर लिहायचं त्राण नव्हतं. बैठकीला फोड आला होता, तो आता सुकतो आहे. काळजी नको.

प्रवास कसा झाला ते सांगत नाही. बारा-बारा तास एस.टी.त बसल्यावर चालणारी माणसंसुद्धा माझ्यासारखी होतात, एवढं लिहिलं की पुरे. केरबा फाटकावर न्यायला आले होते. भले गृहस्थ आहेत. त्यांनी आणि दादाने मला खुर्चीसकट उचलून विश्रामगृहाच्या चार पायऱ्या चढवल्या. तिथवर सगळं ठीक.

दुसऱ्या दिवशी सकाळची बस सहाला निघणार होती. न्हाणीचं दार खुर्चीपेक्षा वीतभर अरुंद निघालं. वहिनीने मला काखेत धरून उचललं, आणि उंबऱ्यावर तिच्या तोंडून असा काही आवाज निघाला की तो माणसाचा आहे हेच मला आधी कळेना. ती खाली बसली. मी तिच्या अंगावर पडले. दोघीही तशाच फरशीवर, तिला हलता येईना आणि मला उठता येईना. दादा धावत आला. मला पलंगावर ठेवताना तो तिला म्हणाला की तुला डॉक्टरने सांगितलं होतं ना. ते मी ऐकलं.

बस सुटायची वेळ झाली होती. दादा म्हणाला की जागा सांगून ठेवल्यात, पोरगी तरी बघू दे, तुम्ही दोघी आराम करा. तो करुणाला घेऊन गेला. केरबांनी आम्हाला व्हरांड्यात सावलीला बसवलं, मला खुर्चीत आणि वहिनीला आरामखुर्चीत, आणि तेही कामावर गेले.

इतक्या लांब येऊन आम्ही दोघी एका व्हरांड्यात बसलो. समोर तळं, त्याचं अर्धं अंग चिखल झालेलं. मी वहिनीशी बोलत नव्हते. घरात सगळ्यांना माहीत, तुला तिकडं इस्लापुरात माहीत (वहिनीला जपा का लिहिलंस ते तेव्हा उमगलं), आणि जिला उचलण्यापायी ती मोडली तिलाच तेवढं माहीत नाही. मला इतका राग आला होता की तो कुणावर काढावा हे समजत नव्हतं.

तेवढ्यात वानरं आली. एक मोठा वानर पायऱ्या चढून वर आला आणि आमच्या धपाट्यांचं फडकं ओढून त्याने तिथंच मांडी ठोकली. मी हात उडवले, वहिनीने हाड हाड केलं. त्याने एकदा आमच्याकडे पाहिलं. दोघींपैकी एकही उठणार नाही हे त्याच्या लक्षात आलं असावं. मग निवांत एकेक धपाटं उलगडून खाऊ लागला, चटणी लागली की थांबून तोंड वाकडं करायचा. वहिनीला हसू फुटलं. हसताना कंबर दुखे म्हणून ती कमरेला हात लावून हसत होती. मलाही हसू आवरेना. आणि हसता हसता ती रडायला लागली, ती बराच वेळ रडत राहिली.

मग ती बोलली. सोळा वर्षांत ती माझ्याशी एवढं बोलली नव्हती. म्हणाली, मी दमले आक्का. तुमचा कंटाळा न्हाई, पर मी दमले. सकाळी डोळं उघडायच्या आधी तुमच्या पलंगाचा आवाज येतो का ते ऐकते, आणि मग मला वाटतं, आज तरी उशिरा यावा. असं वाटलं म्हणून दिवसभर स्वतःला शिव्या घालते. हे सगळं ती तळ्याकडे बघत बोलली.

सुमन, मलाही तसंच वाटतं, हे मी तिला सांगितलं. तिची पावलं वाजली की मी अंग चोरते. तहान लागली तरी पाणी मागत नाही, कारण प्यायलं तर न्हाणीत न्यावं लागेल. कचेरीत मी दिवसभर पाणी पीत नाही हे तिला माहीत नव्हतं. म्हणजे दोघीही एकमेकींना जपत होतो आणि दोघीही त्या जपण्याने झिजत होतो. दुपार होईपर्यंत आम्ही तशाच बसलो. भूक लागली तेव्हा खानसाम्याने भात दिला.

तिसऱ्या दिवशी मी दादाला म्हटलं की मी बसमध्ये जाणार, पण मला कुणी उचलायचं नाही. बसच्या पहिल्या पायरीवर मी पाठमोरी बसले आणि हातांवर अंग तोलून दुसरीवर गेले, मग तिसरीवर. वहिनीला खाली वाकता येत नव्हतं, करुणाने माझे पाय धरले होते. पाच-सात मिनिटं लागली असतील. ड्रायव्हरने इंजिन बंद करून ठेवलं. नागपूरच्या एक बाई घड्याळ बघत होत्या, मी त्यांच्याकडे बघितलं नाही. दादा हात पसरून उभा होता, मी पडणारच अशा बेताने. वर गेल्यावर तळहात सोलले होते.

मग जंगल पाहिलं. सागाला एक पान नव्हतं. हिरवं असं काही नाहीच, सगळं उन्हाच्या रंगाचं. वाघ दिसला नाही. तिथंही पाण्याचे हाल. खात्याने एका जागी सिमेंटचं टाकं केलं आहे, त्यात टँकरनं पाणी टाकतात. तिथं एक गवा पाणी पीत होता, केवढा तरी, काळाभोर. वीसेक चितळं लांब उभी होती, पुढं यायची हिंमत कुणाची नाही. वहिनी माझ्या कानाशी येऊन म्हणाली की इथं बी पाटील आधी पितो का. ड्रायव्हरलासुद्धा हसू आलं. गवा पिऊन गेला, मग चितळं आली. आम्ही बघत राहिलो. मला रडू येईल असं वाटलं होतं, तसं काही झालं नाही. मी फक्त दमले होते आणि बघत होते. पण सुमन, ते फोटोसारखं नव्हतं. त्याला वास होता.

घरी आल्यापासून एक गोष्ट मनात पक्की झाली आहे. कचेरीची क्वार्टर्स बांधून झाली आहेत. तळमजल्यावरच्या एका खोलीसाठी मी अर्ज केला. कामाला साखराबाई म्हणून एक बाई मिळते, सकाळ-संध्याकाळ येईल. दादाला अजून सांगितलं नाही. तू मला समजून घेशील, या भरवशावर इथं थांबते.

तुझी,
आक्का


लातूर
१५ जून १९८६

चि. सौ. सुमन हीस,
साहेबरावचे आशीर्वाद व जयभीम. वि. वि.

मी सहसा पत्र लिहीत नाही हे तुला माहीत आहे. आता वेळच तशी आली. चांगुणाने परस्पर सरकारी खोलीचा अर्ज केला आणि ती मंजूर झाली. तिचा कागद हातात पडला तेव्हा मला कळलं.

गल्लीत आत्ताच विचारायला लागले की बहिणीला बाहेर काढलं का. आपले बापू जाताना माझ्या हातात तिचा हात देऊन गेले होते. त्या दिवशी तलावावर तिची हजेरी मीच लावली होती. तिला ताप होता, येत नव्हती, मी म्हणालो चल, एका माणसाच्या मजुरीचा गहू बुडेल. हे मी आजवर कुणाला बोललो नाही. तिलाही आठवत असेल नसेल. चौदा वर्षं मी तिला उचलत आलो ते उपकार म्हणून नव्हे.

सिंधूला म्हटलं, तू तरी तिला समजाव. ती म्हणते, जाऊ द्या त्यांना. नवरा-बायकोत आठ दिवस बोलणं नाही. तुझं ती ऐकेल. तिला लिही की भावाचं घर आहे तोवर तिने सरकारी खोलीत राहू नये. पुढं तुझी मर्जी. इकडची काळजी नसावी असं लिहिण्याची रीत आहे, पण काळजी आहे.

तुझा,
दादा


इस्लापूर
२९ जून १९८६

ती. दादास,
सुमनचा सा. जयभीम. वि. वि.

तुझं पत्र हातात घेऊन मी दोन दिवस बसले. तू सांगितलंस तसं मी आक्काला लिहिणार नाही. मला क्षमा कर.

हजेरीचं तिला आठवतं, दादा. मॅट्रिकचा निकाल लागला त्या साली मी लातूरला आले होते, तेव्हा ती मला बोलली. म्हणाली की दादा तेव्हा वीस वर्षांचा होता, घरात दाणा नव्हता, त्याने दुसरं काय करायला हवं होतं? आणि म्हणाली की हे त्याला कधी सांगू नको, मला माहीत आहे असं त्याला कळलं तर तो माझ्या तोंडाकडे बघायचा नाही. मी सांगितलं नाही. आज सांगते, कारण आपल्या घरात एकमेकांना जपायला म्हणून जे जे लपवलं, त्यानेच सगळे आजारी पडले असं मला आता वाटतं.

ती घर सोडून जात नाही. वहिनीच्या कमरेवरून उतरते आहे, आणि स्वतःच्या पायावर नाही तर स्वतःच्या चाकावर जाते आहे. जाऊ दे. जमलं तर तिच्या खोलीचा उंबरा बघून ये. लहान तोंडी मोठा घास घेतला. थोरपणाने सांभाळून घे.

तुझी,
सुमन


लातूर
२४ ऑगस्ट १९८६

चि. सौ. सुमन हीस,
आशीर्वाद. वि. वि.

नव्या पत्त्यावरून पहिलं पत्र तुलाच. एक खोली, एक मोरी, दोन खिडक्या. साखराबाई सकाळी सहाला येते आणि संध्याकाळी पुन्हा. तोंडाची फटकळ आहे, पण वेळेची पक्की. मधल्या वेळेत मी माझी. दूध उतू गेलं, एकदा खुर्चीतून घसरले आणि तासभर फरशीवर पडून राहिले, ओरडले नाही. मग फळी ओढून हळूहळू वर आले. एकटं वाटत नाही असं म्हणत नाही. संध्याकाळी करुणाचा आवाज नसतो, तो जाणवतो. पण तहान लागली की मी पाणी पिते.

दादा महिनाभर फिरकला नाही. मग एका रविवारी दारात उभा. मी म्हटलं, ये. तो आत आला नाही. दाराशी उकिडवा बसून त्याने उंबरा वितीने मोजला आणि गेला. पुढच्या रविवारी वाळू-सिमेंट आणि एक गवंडी घेऊन आला, आणि दोघांनी मिळून दारापुढे उतार केला. काम झाल्यावर त्याने मान खाली घालूनच मला विचारलं की तुला सगळं आठवतं म्हणे. मी हो म्हटलं. तो बराच वेळ थापी धूत बसला. सिमेंट ओलं होतं, म्हणून मला त्याच्याजवळ जाता येईना. दारातूनच म्हटलं की दादा, आठ दिवस पाणी मारावं लागेल ना याला? तर म्हणाला, मी रोज येतो. आणि आला. एवढ्या टंचाईत कुठून तरी बादली भरून आणायचा.

पाऊस दोनदा भुरभुरला, बाकी आभाळ कोरडंच. लोक यंदाही काही खरं नाही म्हणतात.

आज दुपारी वहिनी आली होती. कमरेला पट्टा बांधते, थोडा उतार आहे म्हणाली. येताना काही आणलं नव्हतं, रिकाम्या हाताने आली, तेच मला बरं वाटलं. आल्यावर सवयीने केरसुणी शोधायला लागली. मी म्हटलं की साखराबाईचं काम आहे ते, तू बस. ती माझ्या पलंगावर टेकली. कचेरीतलं मी काहीतरी सांगत होते, करुणाच्या शाळेचं ती सांगत होती. बोलता बोलता तिचं उत्तर आलं नाही म्हणून वळून पाहिलं तर ती आडवी झाली होती. सोळा वर्षांत मी तिला दिवसा झोपलेली पाहिली नव्हती. तोंड थोडं उघडं, एक पाय पलंगाखाली तसाच लोंबता. मी खुर्ची नेऊन दारात लावली. इथंच क्वार्टर्समध्ये राहायला आलेल्या मन्मथअप्पांची बायको काही मागायला आली, तिला मी हातानेच परत पाठवलं. साखराबाई आली, तिलाही बाहेर थांबवलं. ऊन कलेपर्यंत मी दारात बसून होते आणि वहिनी झोपली होती.

अजून झोपलीच आहे. हे पत्र मांडीवर ठेवून लिहिते आहे, म्हणून अक्षर वेडंवाकडं आहे. ती उठली की चहा टाकीन. तुम्हा सर्वांवर माया आहे तशीच राहील, तुमची राहू द्या.

तुझी,
चांगुणाआक्का